धुराड्यावर चढण्याआधीची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय बावीस, धंदा गच्च्यांवर सौर पॅनेल बसवणे, शिक्षण अर्धवट (स्वतःच्या मर्जीने, खुलासा कलम चारमध्ये), वस्तीच्या धूरविरोधी समितीत ‘भडका’ या नावाने ओळखला जाणारा, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही, मी कसलीही नशा केलेली नाही, आणि आयुष्यातलं हे पहिलंच मृत्युपत्र असल्यामुळे आधीचं रद्द करायचा प्रश्न येत नाही.

कारण असं की उद्या सकाळी मी कापड रंगवायच्या कारखान्याच्या धुराड्यावर चढणार आहे. हा कारखाना रंगासाठी पाणी उकळतो आणि ते उकळायला टायर, चिंध्या, प्लास्टिक, हाताला लागेल ते जाळतो. धूर आमच्या वस्तीवर येतो. आता त्यांना दुसरा बॉयलर हवा आहे आणि परवा त्यावर जनसुनावणी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की तुमचं छप्पर मैदानाएवढं आहे, त्यावर उन्हात पाणी तापवा आणि दुसऱ्या बॉयलरचं नाव काढू नका. हे पटवायला आमच्याकडे पुरावा होता. होता, असंच लिहावं लागतंय (कलम पाच पाहावे). म्हणून मी पांढरी चादर घेऊन धुराड्याच्या तोंडाशी जाणार, ती तिथे बांधणार आणि काळीकुट्ट झाली की अधिकाऱ्यांच्या टेबलावर अंथरणार.

आमच्या समितीचा नियम आहे की ज्याला उंचावर चढायचंय किंवा उपोषणाला बसायचंय, त्याने आधी पूर्ण मृत्युपत्र लिहायचं. शाईने, खाडाखोड न करता. मत बदललं तर खोडायचं नाही, पुढे लिहायचं. नियम वकीलकाकूंचा. यामुळे बरीच उपोषणं सुरू होण्याआधीच मोडली आहेत. एक गृहस्थ स्कूटर कोणाला द्यावी या कलमावर सख्ख्या भावाशी असे भांडले, की उपोषण बाजूलाच राहिलं आणि दोघं तावातावाने जेवायला गेले.

“मला नका घाबरवू,” मी काकूंना म्हणालो. “माझ्याकडे स्कूटरच नाही.”

“मग लवकर संपेल,” काकू म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

कलम एक : घर. घर माझ्या नावावर नाही, ते आईच्या नावावर आहे आणि ती ते मला रोज ऐकवते. माझी म्हणावी अशी जागा म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. तिथे मी बसवलेलं पॅनेल आहे, त्यावर आईच्या खोलीतला पंखा आणि दिवा चालतो. वीज गेली की अख्खी चाळ हाताने वारा घेते आणि आई मात्र गार झोपते. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला दिवसा झोप लागणं ही चैन नाही, गरज आहे. तेव्हा माझ्यामागे ती जोडणी कोणीही काढू नये. शेजारच्या काकांनी तर तिकडे फिरकूही नये. धुराला ते ‘प्रगतीचा वास’ म्हणतात. त्यांनी तोच हुंगावा.

कलम दोन : बचत. बँकेत खातं आहे. त्यातली रक्कम बँक मला दर महिन्याला कळवते, मला वाटतं सहानुभूती म्हणून. जे असेल ते समितीच्या रंग-ब्रशांसाठी द्यावं. फक्त लाल रंग आता पुरे. आपल्या घोषणा लांबून खाटकाच्या दुकानाच्या पाटीसारख्या दिसतात.

कलम तीन : हत्यारं. पाने, पक्कड, वायरीची टोकं दाबून बसवायचं यंत्र, मल्टिमीटर आणि शिडी हे सगळं पॅनेल बसवायला शिकलेल्या बायकांच्या गटाला. शिडीची एक पायरी हलते, कोणती ते मुद्दाम सांगत नाही. शोधून काढा, म्हणजे चढण्याआधी शिडी तपासायची सवय लागेल. मी तुम्हाला घसा कोरडा करून तेच शिकवलं आणि तुम्ही तेव्हा हसत होतात. कमरेचा चढाईचा पट्टा या कलमात धरू नये.

कलम चार : राग. ही माझी सर्वांत मोठी मिळकत आहे आणि ती वाटल्याशिवाय मला सुटका नाही.

कॉलेजच्या प्राध्यापकांना मी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा कोरा पेपर ठेवून जातो. सर, तुम्ही वर्गात आम्हाला काजळी फुप्फुसात कुठपर्यंत जाते ते फळ्यावर काढून दाखवायचात. नंतर कारखान्याने नवी प्रयोगशाळा दिली आणि तुमच्या आकृतीतली काजळी नाकातच अडकायला लागली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी उभं राहून विचारलं, तर म्हणालात, “तू परीक्षेला आलायस की भांडायला?” मी म्हटलं, “दोन्हीला,” आणि निघून आलो. लोक म्हणतात मुलाने शिक्षण वाऱ्यावर सोडलं. तो वारा निदान मोजला तरी मी.

कारखान्याच्या गोड साहेबांना (हे नाव वस्तीने ठेवलंय, ते प्रत्येकाला ‘बाळा’ म्हणतात) त्यांनी वाटलेलं रोप परत. ते आमच्या खिडकीत होतं. आता ते काडी आहे. कुंडीसकट न्यावं.

कलम पाच : आई, आणि पुरावा. खाडाखोड चालत नाही, म्हणून जपून लिहितो.

आमच्या वस्तीत गेले तीन महिने घरोघर एक पांढरा रुमाल बाहेर दोरीवर लावला जायचा. आठवड्याने तो उतरवायचा, कोपऱ्यात घराची खूण शिवायची आणि नवा लावायचा. उतरवलेला रुमाल समितीतल्या मोजणीवालीकडे जायचा. ती पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांच्या पट्टीवर तो धरून किती काळा झाला ते ठरवायची. कारखान्याकडे नाही असं यंत्र आमच्या वस्तीकडे होतं आणि ते घडी घालून खिशात ठेवता यायचं. असे गाठोडंभर रुमाल जमले. समितीच्या खोलीचं छप्पर गळतं, म्हणून मी ते गाठोडं घरी आणलं आणि न्हाणीघरातल्या रिकाम्या बादलीत ठेवलं.

आई कामावरून आली. काल संध्याकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा टेबलावर रुमालांची चळत होती. उकळलेले, नीळ दिलेले, इस्त्री केलेले. हंसासारखे पांढरे.

“आई, हा पुरावा होता!”

“पुरावा होता तर बादलीत कशाला ठेवलास?”

“बादली रिकामी होती म्हणून!”

“रिकाम्या बादलीत कपडे ठेवतात ते धुवायला. तीनदा पाणी बदललं मी. आणि वर तू माझ्यावर ओरडतोयस.”

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आज सकाळी मी उठायच्या आतच ती घराबाहेर पडली. सुट्टीच्या दिवशी. कुठे गेली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आईला मी माझा उजव्या बाजूचा पलंग देतो, जो तिला खिडकीमुळे हवा होता. तिची चूक झाली की माझी, याचा निकाल या मृत्युपत्रात लावलेला नाही.

कलम सहा. हे कलम वकीलकाकूंनी मोठ्याने वाचू नये.

कमरेचा चढाईचा पट्टा, मी स्वतः बनवलेला सौर कंदील आणि गच्चीवरचा टाकीमागचा कोपरा (पंखा सोडून), हे सर्व मोजणीवालीला. तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. ती रुमाल पट्टीवर धरते तेव्हा डावा डोळा बारीक करते आणि तेवढा वेळ माझा श्वास धूर नसतानाही अडकतो. मी सभेत ओरडायला लागलो की ती फक्त एवढंच म्हणते, “झालं? आता आकडा सांगू?” आणि सगळे तिचंच ऐकतात. मीसुद्धा. मी रुमाल गोळा करायला घरोघर फिरायचो ते समितीसाठी, हे खरं आहे. पण ते नेऊन तिच्याच हातात द्यायचे असायचे, हेही खरं आहे. जिवंतपणी हे बोलायला जमलं नाही. धुराड्यावर चढायला भीती वाटत नाही, तिच्या दारातल्या दोन पायऱ्या चढताना वाटते. तिचे वडील त्याच कारखान्यात बॉयलरवर आहेत, ते मला दारातच विचारतात, “आज काय जाळलं ते विचारायला आलास?” आणि मी म्हणतो, “नाही काका, रुमाल द्यायला.”

इथपर्यंत लिहून झालं आणि साक्षीदार आले. काकूंनी बोलावले होते. एक खालच्या दुकानातले सायकलवाले, हात ग्रीसने माखलेले. दुसरी ती.

काकूंना कलम सहाची काही कल्पना नव्हती. मी कागदावर हात पालथा ठेवला.

“सही कुठे करायची तेवढं दाखवा हिला,” मी म्हणालो.

“मी न वाचता सही करत नाही,” ती म्हणाली. “कारखान्याच्या पहिल्या परवानगीवर लोकांनी अशाच सह्या केल्या होत्या.”

“साक्षीदाराला वाचावं लागत नाही, हो ना काकू?”

“लागत नाही,” काकू म्हणाल्या. “पण वाचायला बंदीही नाही.”

तिने माझा हात उचलून बाजूला ठेवला. सायकलवाले खिडकीतून बाहेर बघायला लागले आणि त्यांनी उगाचच शीळ वाजवली. ती वाचत होती. डावा डोळा बारीक.

वाचून झाल्यावर तिने कलम सहा सोडून भलतंच विचारलं. म्हणाली, “उद्या सकाळची पाळी कोणाची आहे माहितीये?”

“कोणाची?”

“बाबांची. आज सकाळीच बदलली, तुझा बेत साहेबांच्या कानावर गेलाय. तू धुराड्यावर दिसलास की पाळीवर असलेल्या माणसाला आधी कामावरून घरी बसवतात. साहेबांना तेवढंच हवंय. सुनावणीत बॉयलरबद्दल कोणी बोलणारच नाही, सगळे तुझ्याबद्दल बोलतील.”

मी म्हटलं, “मग पुरावा कुठून आणू? आईने तर...”

“तुझी आई सकाळपासून काय करतेय ते तुला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं, ते वर लिहिलंच आहे.

“दारोदार फिरतेय. धुतलेले रुमाल ज्याचे त्याला परत देतेय आणि म्हणतेय, हा आत्ता लावा, परवा सकाळपर्यंत काढू नका. आमची गल्ली झाली, शेजारची झाली. आधी रुमाल न लावणाऱ्यांनीही लावलेत. ‘नर्सबाई स्वतः आल्या म्हणजे लावायलाच हवा,’ म्हणाले. तुझ्या शेजारच्या काकांनीसुद्धा टॉवेल लावलाय.”

“टॉवेल?”

“रुमाल लहान पडेल म्हणाले.”

सायकलवाल्यांना हसू आवरेना. ती पुढे म्हणाली, “आणि परवा सुनावणीत तुझी आई बोलायला उभी राहणार आहे. मीच विचारलं. म्हणाली, ‘इतकी वर्षं वॉर्डातल्या चादरी बघतेय, तीनदा बदलूनही पाणी काळं राहिलेलं पाहिलं नव्हतं. एवढंच सांगेन, चालेल का?’ चालेल की. धावेल.”

मी न ओरडता पेन उचललं. समितीच्या इतिहासात ही नोंद घ्यावी.

कलम सात : बदल. खोडायचं नाही, म्हणून पुढे लिहितो. मी उद्या धुराड्यावर चढणार नाही. कोणी घाबरवलं म्हणून नाही. कोणाच्या तरी बाबांना घरी बसवून मला हवा स्वच्छ करायची नाही. उद्या मी शिडी घेऊन मागच्या गल्लीत जाईन. तिथल्या दोऱ्या उंच आहेत आणि आईचा हात पोहोचत नाही. कोणती पायरी हलते ते मी तिला चढण्याआधी सांगेन. परवा सुनावणीत मी बसून राहीन. ओरडलो तर माझ्या शेजारी बसणाऱ्याला माझ्या पायावर पाय देण्याचा अधिकार याद्वारे देतो.

बाकीची कलमं जशीच्या तशी राहतील. मरायचं आज रद्द झालंय, कायमचं नाही.

सहीची वेळ आली तेव्हा काकूंनी चष्म्यावरून कागद पाहिला, कलम सहापाशी थांबल्या आणि पेन आपल्याकडे ओढून घेतलं.

“एक मिनिट. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा बुडतो. पोरी, तू सही केलीस तर पट्टा, कंदील, कोपरा, काहीही तुझं नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला बोलावू का? तो आहे घरी.”

“बोलवा, बोलवा,” मी म्हणालो.

“नको,” ती म्हणाली. “पेन द्या.”

“अगं, सगळं जाईल.”

“कळलं मला, काकू.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे पाहत होती. मला वाटलं, संपलं, नाही म्हणतेय ही, तेही कायदेशीर पद्धतीने, दोन माणसांच्या समोर. धुराडं बरं होतं.

तरीही वर लिहिलेलं सगळं मी राजीखुशीने लिहिलं असून वाचून, समजून खाली सही करतो.

सही : भडका
(काकूंच्या आग्रहावरून खरं नावही पाठीमागे लिहिलं आहे.)

स्थळ : समितीची खोली, सायकलच्या दुकानाच्या वर, गळत्या छपराखाली.
दिनांक : जनसुनावणीच्या दोन दिवस आधी, दुपार कलती.

साक्षीदार पहिला : लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता, निदान दुसरा साक्षीदार येईपर्यंत तरी. डाग ग्रीसचा आहे, त्याला खाडाखोड धरू नये. – सायकलवाले

साक्षीदार दुसरी : लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मी सर्व कलमं वाचली, सहावं दोनदा. त्यातलं काहीही मला तो मेल्यावर नको आहे. जे द्यायचं ते परवा, सुनावणी झाल्यावर, माझ्या दारातल्या दोन पायऱ्या चढून द्यावं. बाबांना मी सांगून ठेवते. – मोजणीवाली