तयार घ्यावा की जोडावा

ता. १८ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला फार उशीर केला, राग धरू नकोस. तू फोनवर विचारतेस आणि मी ‘बघतो, बघतो’ म्हणत वेळ मारून नेतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर मला सुचत नाही. तू भरभर बोलतेस, मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी ‘हो’ म्हणतो. मागच्या खेपेला मी कशाला हो म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. काही भलतंसलतं असेल तर ते धरू नकोस. कागदावर बरं असतं. इथे मध्येच कुणी ‘आबा, आवाज तुटतोय’ म्हणत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा होता तसाच. मोरीतला नळ ठिबकत होता, वॉशर बदलला, आता दुसरा ठिबकतो. शेजारच्या शिवणवाल्या मावशी बऱ्या आहेत, त्यांचं मशीन मात्र कुरकुरतं. मी तेल घालून देतो म्हटलं तर म्हणाल्या, ‘तुमचं सायकलचं तेल तुमच्यापाशीच ठेवा, माझ्याकडे लोकांचे पांढरे कपडे असतात.’ तुझ्या बापाचा फोन आला होता. त्याला कंप्युटरचं कळलं आहे, तू सांगितलंस वाटतं. म्हणाला, ‘आबा, या वयात गेम?’ मी म्हटलं, कुठल्या वयात खेळायचा ते सांग, तेवढा मागे जातो. तो हसला नाही. त्याचं डोकं कामात असतं. पण मला नंतर चुटपुट लागली, उगाच टोचून बोललो.

तर कंप्युटर. तयार घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा, यावर मी खूप विचार केला. पेठेतल्या त्या दुकानात जाऊनही आलो. दुकानदार चांगला माणूस आहे, चाळिशी लावतो, मोबाइल पट्ट्याला लटकवून ठेवतो. मी आत गेलो तसं त्याने खुर्ची दिली.

‘काका, कुणासाठी? नातवासाठी?’

‘माझ्यासाठी.’

‘म्हणजे बिलंबिलं भरायला?’

‘गेम खेळायला.’

‘कुठला?’

‘नाव नातीला माहीत. त्यात लाकडं तोडून घर बांधायचं असतं आणि मी सारखा नदीत पडतो.’

माणूस चांगला म्हणजे असा, की त्याने तोंडावर हसू येऊ दिलं नाही. नीट समजावून सांगितलं. तयार घेतला तर घरी नेऊन वायरी लावायच्या की झालं. काही बिघडलं तर ‘आख्खा डबा आणून माझ्या टेबलावर आदळा, पुढचं मी बघतो’ म्हणाला. जोडून घेतला तर मनासारखा होतो, पुढेमागे एक भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. पण या भागाचं त्या भागाशी पटावं लागतं. मदरबोर्डाला चालेल तोच प्रोसेसर, डब्यात मावेल तेवढंच ग्राफिक कार्ड, आणि सगळ्यांना पुरेल एवढी वीज देणारा पॉवर सप्लाय. ‘एक जरी चुकला तर सगळे रुसून बसतात’ म्हणाला. म्हणजे घरासारखंच.

तू म्हणाली होतीस की तयार डब्यात कंपन्या बाहेरून रंगीत दिवे लावतात आणि आतला पॉवर सप्लाय हलका घालतात. ते मला लगेच पटलं, कारण सायकलीतही हेच. घंटी चकचकीत, सीट मऊ आणि चाकाच्या हबमध्ये छर्रे असे, की पहिल्या चढाला रडायला लागावेत. पण मग तूच म्हणालीस, ‘आबा, तरी तुम्ही तयारच घ्या. जोडायला कोण बसणार?’

या प्रश्नावर मी फोनच ठेवून दिला होता. तुला वाटलं असेल, फोन कटला.

तयार घ्यायचा तर भीती अशी, की आत काय आहे ते दिसत नाही. जोडायचा तर भीती अशी, की माझा हात थरथरतो आणि ते स्क्रू मुंगीच्या डोक्याएवढे. शिवाय म्हणे अंगातल्या विजेनेही भाग जळतात. आता माझ्या अंगात कुठली वीज उरली आहे, पण काळजी वाटते. शिवाय वॉरंटी. शिवाय उन्हाळ्यात तुझी ती खोली किती तापते ते तुला माहीत आहे. असं एक संपलं की दुसरं सुचतं आणि माझं चहाचं आधण आटून जातं.

मी सायकलच्या दुकानात कामाला होतो तेव्हाचं तुला आठवतं का? सायकली खोक्यात सुट्या यायच्या, चाकं वेगळी, फ्रेम वेगळी, आणि आम्ही जोडायचो. नंतर नंतर कंपनी जोडूनच पाठवायला लागली. मी त्याही सगळ्या सोडवायचो. हब उघडायचो, वंगण पुसून नवं भरायचो, एकेक तार वाजवून बघायचो, मग पुन्हा जोडायचो. मालक चिडायचे. ‘अरे, कंपनीने जोडून दिली आहे ना? मग?’ मी म्हणायचो, ‘कंपनी ती चालवणार नाहीये.’ गिऱ्हाइकाला मी घरी जाऊ द्यायचो नाही, स्टुलावर बसवून ठेवायचो. माणूस समोर असला की त्याच्या पायाची लांबी कळते, तो वाकून बसतो की ताठ ते कळतं. बसून बसून तो बोलायला लागायचा. कुणाची मुलगी पहिल्यांदा शाळेला निघालेली, कुणाला लांबची नोकरी लागलेली. ती माणसं मला अजून चेहऱ्याने आठवतात. जी जोडलेली सायकल घेऊन उभ्या उभ्या गेली, त्यातलं एकही आठवत नाही.

आणि तू. बाप सोडून जायचा तुला माझ्याकडे, आणि तू त्या स्टुलाखाली बसून उलट्या सायकलचं चाक फिरवत राहायचीस. मालकच म्हणाले होते, ‘ही पोर आहे की भिंगरी?’ त्यांनी ठेवलेलं नाव तुझ्या आईला अजिबात आवडलं नव्हतं.

आता थांबतो. शिवणवाल्या मावशी दार वाजवतायत.

ता. १९

काल इथवर लिहून ठेवलं. आज पाकिटात घालणार होतो, तर वाचून बघितलं आणि लाज वाटली. दोन्ही पानांत मी तुला सल्ला विचारल्यासारखं लिहिलं आहे. खरं म्हणजे सल्ल्याची वेळ गेली.

कंप्युटर घरात येऊन चार दिवस झाले. तू म्हणालीस तसा तयारच घेतला. दुकानदार स्वतः रिक्षातून घेऊन आला, तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर मांडला, वायरी लावल्या, चालू करून दिला. काचेच्या आत निळे दिवे लागले. खोली एवढी बदलली, की मी चपला काढून आत गेलो. त्याने तुझा खेळ त्यात घालून दिला, कानाला ते हेडफोन लावून दिले. खेळाचं सुरुवातीचं ते संथ संगीत दोन्ही कानांत आलं. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. तू मागच्या वेळी आली होतीस तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर हेच वाजत होतं आणि तू पाय वर घेऊन खुर्चीत बसली होतीस.

मी लगेच तुला फोन करणार होतो. तेवढ्यात मोबाइलवर तुझा आवाजी निरोप दिसला. आधी ऐकला होता, पण रस्त्यात, धड कळला नव्हता. हेडफोन कसे लावायचे ते आताच शिकलो होतो, म्हणून ते मोबाइलला लावून ऐकला. तू म्हणाली होतीस, ‘आबा, कंप्युटर आला की काय मज्जा. मग या सुट्टीत धावतपळत यायची घाई नाही, रोज संध्याकाळी भेटूच की आपण.’

तू आनंदानेच म्हणालीस. त्यात वाईट काही नाही. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दोन गाड्या बदलून यायचं, सुट्टीचे दिवस आधीच थोडे, त्यात मैत्रिणींनी डोंगरावर जायचं ठरवलेलं. मी फोन ठेवून दिला आणि कंप्युटर कसा बंद करायचा ते मला सांगितलेलं होतं, तसा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस घेतला.

मनाला सांगितलं, फक्त पॉवर सप्लाय बघायचा. कंपनीने जोडलेला आहे, एकदा आपल्या डोळ्याने बघितलेला बरा. काच काढली. मग म्हटलं, कार्ड घट्ट बसलंय का बघू. मग म्हटलं, एवढं काढलंय तर पंखाही. हात थरथरला नाही, सांगतो तुला. कित्येक दिवसांत एवढा स्थिर नव्हता. एकेक भाग काढून तुझ्या खाटेवर जुनी चादर घालून मांडला, निघाला त्या क्रमाने, आम्ही दुकानात मांडायचो तसा. स्क्रू बशीत. दुपारपर्यंत टेबलावर नुसता रिकामा डबा उरला.

पंख्याखाली राखाडी चिकट काहीतरी होतं. मला वाटलं, जुनं वंगण. कंपनीचं असलंच असतं. फडक्याने लख्ख पुसून टाकलं आणि माझा वंगणाचा डबा उघडला. बोट बुडवणार तेवढ्यात, कशी बुद्धी झाली कोण जाणे, दुकानदाराला फोन केला. म्हटलं, तुम्ही कुठल्या नंबरचं ग्रीस वापरता?

तो घाईने म्हणाला, ‘काका, डबा खाली ठेवा. ठेवला? आता त्याच्यापासून लांब उभे राहा.’

ते वंगण नव्हतं गं. ती पेस्ट असते, प्रोसेसरची गरमी पंख्याकडे पोचवणारी. नवी लावल्याशिवाय कंप्युटर चालवला तर तापून बंद पडेल. मी विचारलं, माझ्या हातून काही जळलं का? म्हणाला, तसं वाटत नाही. मग म्हणाला, ‘काही हरकत नाही, उद्या दुकान उघडायच्या आधी येतो, तासाभरात जोडून देतो.’

मी म्हटलं, ‘नको.’

‘तुम्हाला जोडता येईल?’

‘नाही.’

‘मग?’

‘नात येणार आहे. ती जोडेल.’

तोंडातून गेलं. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं, निरोप तर कानातच होता. तो बिचारा म्हणाला, मग उत्तम, आणि पेस्टची छोटी नळी पाठवून दिली. काल मी लिहीत असताना शिवणवाल्या मावशी आल्या, त्यांनी खाट बघितली. ‘हे काय, दुकान मांडलंत?’ त्यांनाही तेच सांगितलं. ‘कधी येतेय?’ ‘सुट्टीत.’ आज सकाळी त्या तुझ्यासाठी उशीचे दोन अभ्रे शिवून देऊन गेल्या. एकदा बोललेलं परत कसं घ्यायचं ते मला सुचलं नाही. म्हटलं, तुलाच सांगावं.

भिंगरी, मला संध्याकाळचा खेळ नको आहे असं समजू नकोस. फार हवा आहे. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. त्या खेळात तू माझ्या शेजारी उभी असशील, तुझा आवाज माझ्या कानात असेल. पण खेळ संपला की मी हेडफोन काढणार आणि दाराशी तुझ्या चपला नसणार. तू आंघोळीला गेलीस की सगळं गरम पाणी संपवतेस, मला गार पाण्याने आंघोळ करावी लागते आणि मी कुरकुर करतो. ती कुरकुर करून किती दिवस झाले. रोज भेटलो तर तुला वाटेल की आबा तर भेटतोच आहे. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागेल, याची जास्त भीती वाटते.

हे तुझ्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. तुझ्या मैत्रिणींबरोबर ठरलं असेल तर जा, खरंच जा. दुकानदार तासाभरात जोडून देईल, त्याला मी काहीतरी सांगेन. मावशींनाही. मी काही आजारी नाही, जेवतोखातो, सगळं करतो. तू आलीसच तर तुला झोपायला खाट लागेल, म्हणजे आल्या आल्या आधी हे जोडायला बसावं लागेल, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो. मी शेजारी बसेन, तू मागशील ते हातात देईन. मध्ये बोलणार नाही. बोललोच तर गप्प कर.

दोन दिवस जमले तरी चालतील. एक दिवसही चालेल.

नाही जमत असेल तर तेही लिही किंवा फोन कर, पण गोड बोलून टाळू नकोस. ते मीच तुला शिकवलं असेल, तरी माझ्याशी नको. उत्तर येईपर्यंत मी कशालाही हात लावत नाही. रात्री धूळ बसू नये म्हणून सगळ्यावर पातळ कपडा घालतो, सकाळी काढतो, आणि उगाच थोडा वेळ तिथे उभा राहतो.

लवकर कळव, पोरी.

तुझा,
आबा