एलरींच्या रानातला फुटवा

२८ एप्रिल, रविवार

पोचले एकदाची! व्हिटबीहून निघालो तेव्हा आभाळ गच्च होतं, ग्वेल्फ मागे पडलं आणि लख्ख ऊन. कॉस्मसदादानं माझ्या दोन बॅगा, राइस कुकर आणि वहिनीनं बांधून दिलेला सुक्या बोंबलांचा डबा जिना चढून वर आणून ठेवला. म्हणाला, “डबा घट्ट बंद ठेव गं डिम्पल, नाहीतर बाई पहिल्याच दिवशी हाकलून देईल.”

खोली गराजच्या वर आहे. एक पलंग, एक टेबल, अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. म्हणजे उघडायला हवी अशी. रंगानं चौकटीला पक्की चिकटलीय. समोर मालकीणबाईंचं, मिसेस एलरींचं विटांचं घर, आणि घरामागे रान.

रान म्हणजे जेमतेम सहा एकर. आमची वसईची वाडी आणि शेजारच्या लोपीस अंकलची वाडी मिळून होईल एवढं. आजूबाजूला मैलभर सपाट शेतं, गेल्या वर्षीच्या मक्याचे खुंट अजून तसेच उभे. मधोमध हा काळा ठिपका. मिसेस एलरींच्या आजेसासऱ्यांना इथले मेपल आवडेनात, म्हणून त्यांनी इंग्लंडहून बोटीनं ओकची फळं, हेझलची रोपं, ब्लूबेलचे कंद आणले आणि आपल्या गावाकडचं रान इथे लावलं. मला त्यातलं एकूण एक झाड मोजायचंय. घेर घ्यायचा, पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, टॅबलेटवर नोंद करायची. पुढच्या वर्षी जमीन एका ट्रस्टकडे जाणार, त्यांना यादी हवीय. नोकरी वर्षभराची. वेअरहाउसमध्ये अकरा महिने लेबलं चिकटवल्यावर शेवटी बॉटनीच्या डिग्रीचं काम मिळालं, आणि कॅनडात कायमचं राहायच्या परवान्याला, पीआरच्या फाइलला हेच वर्ष हवंय.

दादा गेल्यावर जरा रडले. थोडंसंच.

१ मे, बुधवार

मिसेस एलरी त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. ताठ, बारीक, दोन्ही खांदे संधिवातानं धरलेले. रोज चार वाजता चहाला बोलावतात. आज त्यांनी हेझलचं गणित समजावलं. हे झाड जमिनीलगत छाटायचं. मूळ मरत नाही. वसंतात त्याच खुंटातून आठ-दहा सरळ, बारीक सोटे वर येतात. पुन्हा छाटले की पुन्हा येतात, आधीपेक्षा जास्त. मी म्हटलं, आमच्याकडे केळीचं असंच असतं. घड काढून खुंट तोडला की बाजूनं पिल्लं येतात. त्यांनी हे दोनदा विचारून घेतलं. पिल्लं आईसारखीच असतात का? म्हटलं, हो, तंतोतंत.



६ मे, सोमवार

आज १९० झाडं पूर्ण. रानात एक म्हातारा दिसला. तपकिरी विणलेला स्वेटर, हातात काही नाही. ओकखाली उभा होता. मी ‘हाय’ म्हटलं, त्यानं हात वर केला, बोलला नाही.

चहाला मिसेस एलरींना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती होते? मी हसले, म्हटलं, एकच. त्या म्हणाल्या तो आर्थर, लाजाळू आहे, त्याच्याशी बोलायला जाऊ नकोस. मला वाटलं गडीमाणूस असेल. पण ‘किती होते’ हा काय प्रश्न झाला?

११ मे, शनिवार

हात कापला. २१४ नंबरच्या हेझलभोवतीची काटेरी जाळी कोयत्यानं साफ करत होते, कोयता निसटला आणि डावा तळवा उघडला. ओंजळभर तरी रक्त गेलं असेल, सगळं त्या खुंटावर. शेजारच्या शेतात मक्याची पेरणी चालली होती, तो शेतकरी लिओनेल धावत आला आणि ट्रकमधून वॉक-इन क्लिनिकला घेऊन गेला. चार टाके.

मिसेस एलरींनी पट्टी बघितली. दुखतंय का, विचारलं नाही. विचारलं, “रक्त जमिनीवर सांडलं का?” आणि मग, कुठल्या झाडापाशी. मी नंबर सांगितला. त्यांच्या हातातली किटली बशीवर आपटली.

१५ मे, बुधवार

ब्लूबेल फुलल्यात. झाडांखाली निळं पाणी साचल्यासारखं. एका हातानं काम हळू होतंय.

आर्थर आज पुन्हा दिसला. उत्तरेच्या कडेला, पाठमोरा. मी वळले, तर दुसरा माझ्यासमोर. तोच स्वेटर, तोच चेहरा, फक्त उंच आणि बारीक. मागे पाहिलं तर पहिला तिथेच. दोघांनी एकदमच हात वर केला.

जुळे असतील.

लिओनेलला टाके दाखवायला गेले तेव्हा सहज विचारलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, आर्थर एलरी मिसेस एलरींचा नवरा, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. रानातच चेनसॉ मांडीत घुसला. लिओनेलनंच पट्टा आवळला होता, पण अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं रक्त मातीत गेलं होतं. कबर चर्चमागे आहे, जाऊन बघ म्हणाला.

गेले. आहे.

१६ मे, गुरुवार

आज चहाची वाट पाहिली नाही, सकाळीच दार ठोठावलं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, लोणच्याची कृती सांगावी तसं.

त्या रानात सांडलेलं रक्त रुजतं. पहिल्या वसंतात एक आर्थर आला. त्यांना आनंदच झाला. उन्हाळाभर त्यांनी त्याला जवळ ठेवलं, जेवायला वाढलं. तो खायचा नाही. पानगळीत सुकायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं छाटला. पुढच्या वसंतात चार आले, त्यांनाही आर्थरसारखेच स्वेटर विणून घातले. दर हिवाळ्यात छाटत राहिल्या. आता खांदे चालत नाहीत. ते काही करत नाहीत, म्हणाल्या, आर्थरला रानाशिवाय काही नकोच होतं, म्हणून तेही रानातच उभे राहतात. ज्याचं रक्त, त्याची जी ओढ, तीच त्यांची.

मग मला म्हणाल्या, “तुला काय हवंय, डिअर? मनापासून?”

 मला घरी जायचंय, हे त्यांना न सांगताही कळलं असावं.

१८ मे, शनिवार

म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवून २१४ कडे गेले.

खुंटाजवळच्या पाचोळ्यातून पाच पांढरी टोकं वर आलीत. अळंबी. अळंबीच आहेत, मी बॉटनी शिकलेय. खाली वाकून बघितलं.

टोकांना नखं आहेत.

२० मे, सोमवार

आज ती कमरेपर्यंत वर आलेली होती. डोळे मिटलेले. ओले केस कपाळाला चिकटलेले. हनुवटीवर माझाच तीळ.

मिसेस एलरींनी सांगितलं होतं, हिवाळा येईपर्यंत हात लावू नकोस, वसंतातला घाव वाईट. पण हिवाळ्यापर्यंत कोण थांबणार? कोयता उचलला. तिनं डोळे उघडले नाहीत, नुसते ओठ हलवले. “आई, मी आले.” आमच्या वसईच्या बोलीत. माझ्या आवाजात.

छाटली. ओल्या केळीसारखी तुटली. रक्त नाही, पाणी. घरी येऊन वॉशरूममध्ये तासभर हात धूत होते.

२१ मे, मंगळवार

तीन आहेत.

सकाळी तिथे तीन आहेत. बारीक. उंच. गुडघ्यापर्यंत वर आल्यात, एका दिवसात. मिसेस एलरींना सांगितलं तर खुर्चीत बसून रडल्या. म्हणाल्या, मुळासकट खणून काढायला माणसं लागतील, आणि माणसांना काय सांगायचं?

दादाला फोन केला. काय सांगणार होते? म्हटलं, मला इथे बरं वाटत नाही, न्यायला ये. तो म्हणाला, अगं वर्षभराचा प्रश्न आहे, पीआर हातातून जाईल. मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, रविवारी येतो. त्याआधी त्याची शिफ्ट सुटत नाही.

लिओनेलकडे जाते म्हटलं तर तो बियाणं आणायला बाहेरगावी गेलाय.

२३ मे, गुरुवार

२१४ रिकामा. माती उकरल्यासारखी.

दोरीवर वाळत घातलेले माझे कपडे नाहीत. जीन्स, दोन शर्ट, पांढरी हूडी.

दुपारी त्या रानाच्या कडेला उभ्या होत्या. आर्थर कधी कड ओलांडत नाहीत. ह्यांनी एक पाऊल बाहेर टाकलं. मग दुसरं. रस्त्याकडे बघत होत्या, व्हिटबीकडे जाणाऱ्या.

२५ मे, शनिवार

टॅक्सी बोलावली, इथवर येत नाहीत म्हणाले. चालत निघाले होते. फाटकाशी एक. उन्हात, माझ्या हूडीत. मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती, आरशात बघतात तशी. परत आले. दाराला टेबल लावलंय.

जिन्याच्या पायरीवर कुणीतरी बसलंय. आईचं प्रार्थनेचं गाणं गुणगुणतंय. कडवी चुकत नाहीत.

उद्या दादा.

२६ मे, रविवार

दहा वाजले. लिहितेय, कारण कुणाला तरी कळायला हवं. वही गादीखाली ठेवणार. दादा, तुला सापडली तर—

गाडी आली. दादाची गाडी! अंगणात. इंजिन चालूच ठेवलंय त्यानं. तो उतरला.

त्यांतली एक आधीच खाली आहे. हूडीतली. धावत गेली, त्याच्या गळ्यात पडली. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतोय. हसतोय.

खिडकी उघडत नाही. ठोकतेय, ऐकू जात नाही. मिसेस एलरी त्यांच्या दारात आहेत. त्यांनी वर बघितलं. मला बघितलं. आत गेल्या. दार लावलं.

फोन लावला. दादानं खिशातून काढला, स्क्रीन बघितली. तिला दाखवतोय. माझं नाव आहे ना त्यावर. कपाळाला हात लावून हसली ती, वर बोट दाखवलं. फोन वरच राहिला, आपोआप लागला असेल, म्हणत असणार.

दादा जिन्याकडे यायला निघाला. ये. दादा, ये, लवकर—

तिनं त्याचा हात धरला. थांबवलं. गाडीत बस म्हणतेय. तो बसला.

तीच येतेय वर, फोन आणायला.

बाकीच्या दोघी आतल्या जिन्यात बसलेल्या, त्या उठल्या. पायऱ्या वाजतायत. टेबल सरकतंय. फोन वाजला, दादाचा, उचलते, दादा, गाडीत आहेस तिथून बघ, वर बघ, खिडकीत मी आ