तीन सॉफ्टवेअर, एक गुरुजी आणि मोहिनी

मु. पो. निरगुडसर

ती. दाजींच्या पायी मेहुणा बाळासाहेब याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? (अक्का म्हणते तो बरोबर भातलावणीच्या दिवसांतच दुखतो, पण बहिणीचं मी सगळंच खरं मानत नाही.) इकडे आम्ही खुशाल आहोत. आमची मंडळी अंबाबाई तेवढी माझ्याशी बोलत नाही, त्याचं कारण पुढे येईल. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि तुमच्या डोंगरात रेंजही धड नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

तुम्ही मला पुण्याला धाडलंत ते तुमच्या लेकीचा, वृषालीचा होकार आणायला. मंचरचं स्थळ चांगलं, पत्रिका जुळते असं गुरुजी म्हणतात, मुलाकडच्यांची अट एकच, पोरीने संशोधन सोडून घरी बसावं. मामाचं ती ऐकेल, असं तुम्ही म्हणालात. मी गेलो होतो तिला समजवायला, आणि दाजी, तिनेच मला समजवून परत पाठवलं.

तिचं काम काय ते आधी ऐका. आपल्या अंगात प्रोटीनं असतात, मण्यांच्या माळेसारखी. शरीर त्यातल्या एखाद्या मण्यावर मधूनच एखादा बारीक दागिना चढवतं आणि मग त्या माळेचं वागणंच बदलतं. (लग्नानंतर माणसाचं बदलतं तसं, हे माझं, वृषालीचं नव्हे.) तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र या माळांच्या तुकड्यांचं वजन करतं. डोळ्याला काय, सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या तुकड्याचं वजन! मंचरच्या बाजारात माझी कांद्याची गोणी काट्यावर जास्त भरली तर माती की ओल यावरून तासभर भांडण होतं. इथे वजन केसभर जास्त भरलं, तर त्यावरून दागिना कोणता आणि तो कुठल्या मण्यावर, हे सॉफ्टवेअर सांगतं. अंगावर काटा आला माझ्या. भीमाशंकरच्या गाभाऱ्यात अंधाराला डोळे सरावले की पिंड हळूहळू दिसू लागते ना, तसा मी त्या पडद्यापुढे हात जोडून उभा राहिलो. पोरगी हसली, पण तिने मला बसायला खुर्ची दिली.

अडचण अशी की असली सॉफ्टवेअर पुष्कळ, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वृषाली त्यातली तीन ताडून बघते आहे. पहिलं फक्त तुम्ही आधी सांगून ठेवलेले दागिने शोधतं. दुसरं म्हणतं, काहीही जास्त भरू दे, मी मानतो. तिसरं दागिना ओळखतं, पण मण्याच्या बाबतीत चुकतं. माल एकच, निकाल तीन. मग खरं कोण, हे कळायचं कसं? तर म्हणे सॉफ्टवेअर ज्या यादीशी ताडून बघतं, त्या खऱ्या माळांच्या यादीत जाणूनबुजून खोट्या माळा मिसळायच्या, खऱ्याच उलट्या ओवून केलेल्या. सॉफ्टवेअर या खोट्यांना किती वेळा 'सापडलं' म्हणतं, त्यावरून त्याच्या बाकीच्या होकारात खोट किती, याचा अंदाज बांधायचा. दाजी, आपल्याच हत्याराला पकडण्यासाठी स्वतःच सापळा लावणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. तिला होकार विचारायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात किडा शिरला. तुम्ही रागावू नका. आमच्या मोहिनीची जन्मवेळ आमच्याकडे पक्की आहे, कारण तेव्हा डॉक्टर गोठ्यातच होते. (मोहिनी म्हणजे आमची कालवड.) साल तेवढं बदललं, नाहीतर नवरी दुधपिती ठरली असती, आणि माझ्या दूरच्या भाचीची म्हणून ती वेळ गुरुजींना दिली. गुरुजींनी मंचरच्या मुलाशी पत्रिका ताडली. आपल्या वृषालीचे चोवीस गुण जुळले होते. मोहिनीचे एकतीस जुळले. मुलगी शांत आहे, घर सोडून कुठे जाणार नाही आणि तिच्या पायाने घरात दूधदुभतं वाढेल, असंही गुरुजी म्हणाले. आता यातलं एकही वाक्य मला खोडता येईना.

आमच्या कुळातले सगळे मुहूर्त याच गुरुजींनी काढले, माझ्या लग्नाचासुद्धा. त्यांचा अपमान करायचा माझा हेतू नाही. पण चोवीस गुणांसाठी पोरीने ते पडद्यावरचं जग सोडावं, हे माझ्या तोंडून तिला सांगवणार नाही. ते जग मी पाहून आलो आहे.

अक्काला नमस्कार. बाकी भेटीअंती.

तुमचा,
बाळासाहेब

ता. क. : गुरुजींनी एकतीस गुणांची खबर परस्पर मंचरला कळवली. ती मंडळी रविवारी मुलगी बघायला आमच्याकडे येत आहेत. अंबाबाईने एवढंच विचारलं, "आवो, मोहिनीला साडी नेसवू का न्हाई, तेवढं सांगा," आणि तेव्हापासून ती गप्प आहे. तुम्ही वडीलधारे, रविवारी या आणि मला सोडवा.

आणखी एक : पत्र पेटीत टाकण्याआधी वृषालीला फोनवर वाचून दाखवलं. वाटलं, भाची मामाची पाठ थोपटेल. तर म्हणाली, "मामा, एका कालवडीवरून गुरुजींना खोटं ठरवता येत न्हाई. खोट्या पत्रिका पुष्कळ पायजेत." दाजी, स्वतःवरचं संकट टळत असताना पोरीने गुरुजींची बाजू घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा खरी विनंती ही, की तुमच्या गोठ्यातल्या म्हशी, वासरं, शेळ्या, सगळ्यांच्या जन्मवेळा उलट टपाली कळवा. परीक्षा रीतसर करू. ती पुरी व्हायला किती दिवस लागतील, असं मी वृषालीला विचारलं. म्हणाली, साधारण तिची पीएचडी पुरी होईपर्यंत. तोवर मंचरला होकार कळवू नका.