लेनचा लाल कोट

३ जून
सकाळी चॅपल. लेनचे काळे बूट शेजारच्या हिल्डाकडे दिले, तिच्या यजमानांना होतात. दुपारी नाइटांचे प्रमुख, गव्हर्नर आले. टोपी हातात, दारातच उभे. "मिसेस पिम, तो कोट..." मी म्हटलं, माहीत आहे. गणवेश किल्ल्याचा. लेनच्या जागी नवा नाइट आला की त्याला द्यायचा. सतरा तारखेपर्यंत.
चहा घेतला नाही त्यांनी.

४ जून
देणार नाही! घर सोडते, सगळं सोडते. कोट नाही.

७ जून
हिल्डा म्हणाली, "अगं एनिड, सांग ना कसर लागली म्हणून! ते काय भिंग घेऊन बघणारेत?" हसले. लेन गेल्यापासून सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

मग लेन आठवला. किल्ला बघायला आलेल्यांनी विचारलं की छाती काढून सांगायचा — "आम्ही गरीब नाइट!" ते नाव कागदोपत्री कधीच बदललंय, पण त्याला तेच आवडायचं. पहिले जे होते ते फ्रान्सच्या लढाईत पकडले गेलेले, सुटकेच्या खंडणीपायी घरदार घालवून बसलेले म्हातारे शिपाई. राजाने गार्टरचा मान सुरू केला तेव्हा बड्या सरदारांबरोबर यांनाही किल्ल्यात छप्पर दिलं. सरदार मोहिमांवर, त्यांच्या वाटची प्रार्थना यांनी करायची. "सहाशे वर्षं, एनिड!" म्हणताना आणखी उंच दिसायचा. आधीच सहा फूट दोन इंच!

१२ जून
गार्टरची मिरवणूक. कडक ऊन. निळे झगे, पांढरी पिसं — ते बडे सरदार मागून. पुढे आपली लाल रांग. हिल्डाचे यजमान लेनचे जोडीदार. एकटेच चालले, शेजारी माणसाएवढी जागा सोडून. मागची बाई पुटपुटली, "अय्या, त्यांचा जोडीदार चुकला वाटतं!"
मी वळून पाहिलं नाही. मान ताठ ठेवली. माझ्या माणसाची जागा ती.

१४ जून
नवे आले. कॅप्टन स्पर्लिंग. विधुर, बुटके, सामान म्हणजे एक ट्रंक. युद्धात साडेतीन वर्षं कैदेत होते, हिल्डाने सांगितलं. संध्याकाळी माझ्या दारात. "बाई, तो कोट राहू द्या तुमच्याकडे. मापात बसत नाही म्हणून सांगतो मी गव्हर्नरांना. रविवारी चॅपलला साध्या सुटात जाईन. मागे कुठेतरी बसेन."
मागे!
दार लावल्यावर राग आला. कोणाचा, कळेना.

१५ जून
त्यांना बोलावलं. माप घेतलं. पुतळ्यासारखे उभे राहिले बिचारे.

१६ जून
दुपारी एकटीच होते. कोटाच्या बाह्या आत दुमडल्या नाहीत. कापल्या. तीन इंच.
मग सुईत लाल दोरा ओवला.