पंप सुरू करण्यापूर्वी

प्रिय थीरवुत,

चारचौघांत मी तुला हात जोडून ‘भन्ते’ म्हणतो; कागदावर ते जमायचं नाही. आधी तक्रार. तुझे नवे भिक्खू दुपारच्या पठणात भोंग्यावरून दीर्घ स्वरांचा असा निर्दय संहार करतात, की कालव्याच्या या काठाला, माझ्या पंपघरात, डुलकी म्हणून लागत नाही. एकाच आचार्यांच्या छडीखाली आपण पाली आणि संस्कृत घोकलं, ते याचसाठी का? असो. तू मठाधिपती झालास, मी गटाराधिपती. विद्येचं चीज दोघांनीही केलं.

गल्लीची खबर म्हणशील, तर तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. मागे तुरुंगातले कैदी आले, गटारांतून साबणाच्या वड्यांसारखी घट्ट चरबी फावड्यांनी उपसून गेले. आठवड्यात पुन्हा तेच. नूडलवाल्या मालीवानला म्हटलं, “ताई, उरलेला रस्सा गटारात ओतू नका, तो कालव्यात जातो.” ती म्हणाली, “मग काय साहेब, तुमच्या डब्यात ओतू? आधी सांगा, जेवलात का?” आणि जेवायलाच बसवलं. खाल्ल्या अन्नाला जागून मी गप्प बसलो.

असा रस्सा, तळणीचं तेल, गॅरेजचं ग्रीस, रस्त्यावरची घाण, सारं साठत राहतं आणि एका जोरदार सरीत एकदम सुटतं. ते पहिलं काळं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचं, असा नियम आहे. वळवतोही. दहा मिनिटांत तिकडून फोन येतो, “कासेम, बास कर बाबा, टाकी भरली!” मग दोनच मार्ग: गल्लीतल्या घरांत गुडघाभर पाणी, नाहीतर पंपाचं बटण. मी बटण दाबतो. पाणी थेट तुझ्या घाटाशी जातं, जिथे ‘अभयदान’ अशी पाटी आहे आणि मासे धरायला मनाई.

गेल्या वर्षी ते मासे पोटं वर करून तरंगले, आठवतं? आदल्या सकाळी माझ्या आईने त्यांना शिळा पाव घातला होता. ती तुझ्यापुढे रडली. तू म्हणालास, “अजाणता झालं, आई, त्याचं पाप लागत नाही.” मी शेजारीच उभा होतो. आदल्या संध्याकाळी बटण मीच दाबलं होतं, हे लपवलं. तेव्हापासून ती घाटावर फिरकलेली नाही.

उद्या सकाळी येणार आहे. ताज्या दाण्यांची पिशवी तिने मला दोनदा उघडून दाखवली. उद्या दुपारनंतर मुसळधार पाऊस सांगितलाय. “नको जाऊस,” म्हटलं, तर म्हणाली, “का? पुन्हा मारीन म्हणून?” मी पिशवीचं तोंड बांधून दिलं. पण मालीवानचा नवरा तळमजल्यावर, जमिनीलगतच्या अंथरुणाला खिळलेला आहे. मी बटण दाबणारच. तुझ्यासमोर येऊन हे बोलायची हिंमत नाही, म्हणून नावाड्याच्या हाती कागद देतोय. तिला खरं तू सांग. ती माझ्यावर रागावेल, याची भीती नाही. ती एक्क्याऐंशीची आहे. शेवटच्या क्षणी माणसाच्या मनात काय असतं, याला आपल्यात पुढच्या जन्मासाठी किती मोल आहे, ते तुला मी काय सांगू? तिच्या मनात ते मेलेले मासे असतील, आणि ते मी मारलेले असतील.

तुझाच,
कासेम