बेदाण्यानं भरून आलेली घागर

श्री यमाईदेवी प्रसन्न

सातारा, सोमवार

तीर्थस्वरूप सौ. आक्कावन्सं यांच्या पायांवर विजयमालेचं डोकं (आज जरा जास्त वेळ).

काल एस.टी.च्या पार्सलातून तुमच्याकडून जे आलं ते असं. पितळी घागर एक. तिच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं एक. आत बेदाणा, सव्वातीन किलो (दोनदा वजन केलं, दाणा हिरवा, एकसारखा). हमाली वीस आणि रिक्षा साठ रुपये मी दिले, भाडं तुम्ही तिकडंच भरलेलं दिसतं. चिठ्ठी मात्र नव्हती. बेदाणा परातीत ओतून शोधली. चार शिव्या लिहिलेल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

भाऊजींच्या गुडघ्याला आता उतार असेल. निर्गुडीचा पाला शेकायला घेता ना? आमच्याकडं सूनबाई शिवांजली आणि बाळ दोघं खुशाल. तुमच्या भावाचा तेवढा दुसरा कानही गेला, त्यामुळं घरातला प्रत्येक फोन ते स्पीकरवर घेतात आणि सगळी गल्ली ऐकते. म्हणून हे पत्र.

आता तोंड दाखवायला जागा नसली तरी हात लिहितोय. झालं ते असं. बाळासाठी चांदीचे वाळे करायचे होते. घरखर्चाच्या वहीला हात लावायचा नाही हा माझा नेम, आणि माळा तर जुन्या सामानानं वाकलेला. शिवांजली म्हणाली, "आई, वापरलेलं सामान फोनवर विकता येतं, फोटो टाकायचा आणि भाव लिहायचा." मी दहावी पास बाई, मला काय अवघड? पहिला टाकला मिक्सर. देवाच्या घरात खोटं नको म्हणून सगळं लिहिलं: झाकण उभं बसत नाही, लहान भांड्याचं पातं शेंगदाण्याला चालतं पण खोबऱ्याला अडतं, आणि २०१९ साली त्याला एकदा धूर आला होता. लोक विचारायचे, "आहे का?" मी प्रत्येकाला नमस्कार लिहून, घरच्यांची खुशाली विचारून उत्तर द्यायची. (एका मुलानं त्याच्या आजीच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं, मिक्सर नाही घेतला.) पंधरा दिवसांत एक विळी गेली, तीही शनिवारी लोखंड द्यायचं नाही म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवलं, ते रविवारी आलं म्हणून.

मग माळ्यावर घागर दिसली. तुम्ही वास्तुशांतीला दिलेली. वन्सं, खरं लिहिते. ती घागर आम्ही कधी वापरली नाही. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी ती खाली काढते, चिंच-मीठ लावून घासते, पाणी भरून उंबऱ्याजवळ ठेवते, आणि तुमची गाडी स्टँडवरून सुटली की परत वर. पंचवीस-सव्वीस वर्षं हेच चाललंय. हे आता तुम्हाला नव्यानं सांगायला नको, कारण हे मी तुम्हाला आधीच लिहिलंय, आणि त्याचीच लाज आहे.

फोटो मी चकचकीत बाजूनं काढला. तुम्ही घालून घेतलेलं नाव त्याच बाजूला आहे, "सौ. आक्काताईकडून चि. मानसिंगला", हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सवयीची नजर, नाव काय दिसतंय. दुसऱ्या दिवशी तासगावच्या कुणा धनाजीनं विचारलं, घागर एवढी चांगली आहे, मग विकताय कशाला? मी लिहिलं, नणंदेनं दिलेली आहे, जड आहे, त्या यायच्या म्हटलं की माळ्यावरून काढायची, गेल्या की परत वर, आणि तिच्यापायी दरवेळी माझी कंबर धरते. त्यानं विचारलं, नणंदेला काय सांगणार? मी लिहिलं, पोचे काढायला तांबटाकडं दिली म्हणून सांगेन, त्यांना काही कळत नाही. त्यानं भाव पाडायला घेतला, तेव्हा मी, देवघरासमोर बसून, लिहिलं की घागर अडीच हजाराची आहे. आणि तुम्ही ती नऊशेला घेतल्याचं तर वास्तुशांतीच्या पंगतीत तुम्हीच सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

चौदाशे पन्नासला ठरली. धनाजी टेम्पो घेऊन आला, पैसे रोख दिले. मी घागरीला हळदीकुंकू लावलं, आत मूठभर तांदूळ आणि सुपारी टाकली. तो म्हणाला, "मावशी, रिकामीच द्या की वो." मी म्हटलं, "भांडं रिकामं घराबाहेर जात न्हाई बाबा, आमची रीत हाय." तो हसला. मला वाटलं, पोरगं गुणी आहे. काल पार्सलावर तुमचं नाव वाचलं आणि मग कळलं की तो तुमच्या बेदाण्याच्या शेडवरचा माणूस, फोन त्याचा, आणि प्रश्न सगळे तुमचे.

रीत तुम्ही पाळलीत, वन्सं. भांडं भरून पाठवलंत. मी परातीतला बेदाणा बघत उभी राहिले आणि मला रडू आलं. तुमचे चौदाशे पन्नास सोबत मनीऑर्डरनं पाठवतेय. वाळे पुढच्या महिन्यात होतील, बाळ काही पळून जात नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी बारसं आहे. बाळाच्या बापाला, आपल्या शंभूराजला, बहीण नाही, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तुमचाच. तुम्ही आला नाहीत तर गल्लीला काय सांगू? आणि गल्लीचं जाऊ दे, पाळण्याजवळची ती जागा मला रिकामी बघवणार नाही.

तुमची
विजयमाला

ता. क. घागर तांबटाकडं आहे असं मी तुमच्या भावाला खरंच सांगितलंय. काल ती बेदाणा घेऊन आली तेव्हा म्हणाले, "तांबट लय भला माणूस दिसतोय." तेव्हा आल्यावर जपून बोला.

ता. क. २. फोनवर म्हणे घेणाऱ्याला विचारतात, विकणाऱ्या बाईचा अनुभव कसा होता. धनाजीला म्हणावं, राहू दे.

ता. क. ३. घागर आता खाली, चुलीशेजारीच राहील. तुमच्या नावाखाली बाळाचं नाव घालून घेते, म्हणजे पुन्हा विकायची छाती होणार नाही. तांबटाला बारशाआधी द्यायची आहे, म्हणून कोणतं नाव ठेवणार ते उलट टपाली कळवा. तो अक्षराला पंधरा रुपये घेतो आणि जोडाक्षराचे दोन धरतो. मान तुमचा, मी काही बोलत नाही, पण दोन-तीन अक्षरांत बसलं तर बघा.