घरची शाळा, बसलेला घसा

२६ जानेवारी

करून टाकलं! योगेश्वरीच्याच शाळेनं प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. विषय – प्रजासत्ताक. समोर तिसरीतली योगू, माझी लेक, तोंडावर बोट ठेवून बसलेली. मैदानभर पोरं आणि सगळ्यांच्या तोंडांवर बोटं! कसलं प्रजासत्ताक? टिपणं बाजूला सारली. प्रश्न विचारायला घाबरणारी लेकरं उद्या मत काय देणार, इथून सुरू झाले आणि शेवटी माइकवरच जाहीर केलं – उद्यापासून माझी मुलगी घरी शिकेल!

टाळ्या कडाडल्या. मुख्याध्यापिकाबाईंनीही वाजवल्या. अर्थ त्यांना नंतर कळला.

आता घरी सांगायचंय.

२७ जानेवारी

घरी आधीच पोचलं होतं.

सासूबाई : "शाळेत नाही जाईन त करन काय दिवसभर? तुहं भाषण ऐकन?"

लोकेंद्र चिडला नाही. त्यानं जास्त अवघड केलं. "लेक माझीबी आहे ना? मले काऊन नाही विचारलं?" मग मुक्त विद्यालय, परीक्षा बाहेरून देता येते, सगळं सांगितलं. शेवटी ठरलं ते असं – होळीपर्यंत घरी. होळीला योगूलाच विचारायचं, घर का शाळा. ती म्हणेल ते.

मी हसतच कबूल केलं. कुठलं लेकरू शाळा निवडेल!

२ फेब्रुवारी

काय दिवस आहेत हे! अंगणात वर्ग भरतो. घंटा नाही, गणवेश नाही. आज धानाच्या एका दाण्यापासून निघाले ती नद्या, नगरं, राजे, जहाजं करत थेट रेशनच्या दुकानापर्यंत आले. इतकं सुंदर मी कुठल्याच मंचावर बोलले नसेन. योगू डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी तिनं टाळ्या वाजवल्या!

११ फेब्रुवारी

मध्येच पाणी प्यायला थांबले, तर टाळ्या. म्हटलं, "अगं, अजून संपलं नाही."

"टाळ्या वाजवल्या का तू थांबतेस ना, आई?"

लोकेंद्र ओसरीत पोट धरून बसला. "शाळेत चाळीस पोरायमंदी वाटून जाये. आता पुरं एकटीच्या डोक्यावर!"

मी हसले नाही. न्हाणीघरात जाऊन हसले.

१४ फेब्रुवारी

सकाळी शाळेची व्हॅन गेली. योगूनं फाटकातून हात केला. व्हॅन दिसेनाशी झाली तरी हात वरच.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. तीन गावं, तीन मंच. तिसऱ्या गावात शेवटचं वाक्य आलंच नाही – आवाज गेला! लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. टाळ्या.

२१ फेब्रुवारी

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "होळी होईपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. आणि गळ्याला मफलर."

"पुरा बंद, डॉक्टर साहेब?" लोकेंद्रचा चेहरा बघायला हवा होता! आम्ही घरी आल्या आल्या सासूबाईंनी नारळ फोडला. माझ्या घशासाठी म्हणे.

पण माझा वर्ग? होळी तोंडावर आणि मास्तरीण मुकी. गेली योगू शाळेत!

२४ फेब्रुवारी

दोन दिवस पोरीनं नुसता उच्छाद मांडला. आज जवळ येऊन बसली. "आई, नहराचं पाणी आपल्या बांधीत उशिरा काऊन येते?"

उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यातून खाचराखाचरात सुटलंय. मी तोंड उघडलं. मिटलं. सिंचनाचा अख्खा इतिहास घशाशी येऊन बसला! खांदे उडवले.

"तुले नाही माहीत?" चेहरा असा फुलला तिचा! पळालीच शेताकडे.

२६ फेब्रुवारी

योगू पळसाची फुलं पाटात सोडते आणि त्यांच्याबरोबर धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, धावते. तिच्यामागे मी. माझ्यामागे सासूबाई, "पडशीन वं! दोघीबी पडशीन!" करत. एका जागी फुलं रेंगाळतात, पुढे जातच नाहीत. का? मला अंदाज आलाय. लिहून दाखवू?

नाही. नाही!

१ मार्च

सापडलं! धुऱ्यात खेकड्यांची बिळं. आमचं पाणी शेजारच्या बांधीत! योगू खाटेवर चढून, एक बोट वर करून (ते भाषणातलं बोट माझं आहे!) बापाला सांगत होती, "खेकडा चोर नाही, बाबा. त्याले ओल पाहिजे. धुरा आपणच पातळ ठेवला."

सासूबाईंनी स्वतः चिखल थापून बिळं बुजवली. म्हणाल्या, "पोरीले एवढं बोलता येते, मले मालूमच नव्हतं. बोलाले जागाच कोठी होती घरात!"

मी तोंडात पदर कोंबला. हसू की रडू, काही कळेना.

८ मार्च

महिला दिन. सगळी निमंत्रणं परत केली. माझ्या कपाटातलं प्राण्यांचं जाडजूड पुस्तक योगूनं आपणहून खाली ओढलंय. खेकडा श्वास कसा घेतो, हे मला वाचून दाखवते. चुकलं की माझ्याकडे बघते. मी नुसती मान हलवते, ती पुन्हा वाचते. श्रोता होण्यात इतकी मजा असते! कुणी सांगितलं कसं नाही मला? सांगितलंही असेल. मी बोलत असेन.

१३ मार्च

होळी पेटली. लोकेंद्रनं सगळ्यांसमोर विचारलं, "सांग योगू. घर का शाळा?"

पोरीनं जाळाकडे बघून चांगला विचार केला.

"आता घरीच."

मी तिथंच गिरकी घेतली!

"आणि आईचा आवाज परत आला का मंग शाळेत."

हसून हसून सासूबाईंच्या हातातली पोळी जाळात पडली. लोकेंद्र म्हणाला, "ठरलं मंग! पोरीचा शब्द!"

मीही हसले. बिनआवाजी.

१७ मार्च

एकटीच गोंदियाला गेले. डॉक्टर म्हणाले, "बोला आता." बोलले. खणखणीत! परतीच्या गाडीत शेजारच्या बाईशी सौंदडपर्यंत अखंड बोलले – खेकड्यांवर. ती बिचारी सौंदडला उतरली, तेव्हा खिडकीतूनही थोडं बोलले.

घराच्या फाटकाशी आले. आतून योगूचं मोठ्यानं वाचन ऐकू येत होतं. ऊन असं की डोकं तापलेलं. पिशवीतून मफलर काढला आणि गळ्याला गच्च गुंडाळला.